हॉलिसचा कान

तीन वर्षं मी माझ्या नवऱ्याचं काम त्याच्या पाठीमागे मोडून पुन्हा करत होते. त्याला पत्ता नव्हता. मला वाटायचं, कोणालाच नाही.

हॉलिस बदकांच्या पिपाण्या करतो. पिपाणी म्हणजे पोरांचं खेळणं नव्हे. बोटभर लांबीची लाकडी नळी, तिच्यात घट्ट बसणारी खुंटी आणि खुंटीवर नखाएवढ्या रुंदीची पातळ पत्ती. फुंकलं की पत्ती थरथरते आणि आतून बदकाची मादी बोलते. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, खाली आपलीच मंडळी आहेत, दाणापाणी आहे, आणि तो उतरतो. इथे अमेरिकेतल्या आर्कान्सात, भातशेतांवर आणि पाण्यात उभ्या असलेल्या ओकच्या रानात, नोव्हेंबर ते जानेवारी लोकांना दुसरा विषय नसतो. त्या दिवसांत कोणी लग्न काढत नाही. काढलंच, तर नवरदेव वेळेवर येईल याची हमी नसते.

पत्ती केसभर लांब राहिली तर आवाज भसाडा येतो, केसभर आखूड झाली तर चिरका. तो केस नेमका कुठे, हे आमच्या पंचक्रोशीत एकट्या हॉलिसच्या कानाला कळायचं. सेहेचाळीस वर्षं लोक त्याच्याकडे नव्या पिपाण्या घ्यायला आणि जुन्या लावून घ्यायला येत होते. माणसाला गर्व नव्हता, पण त्या एका गोष्टीचा होता. तो मी कधी मोडला नाही. बाकीचे सगळे मोडले.

मग कान गेला. बंदुकीच्या बारांनी आणि लेथच्या घरघरीने मिळून खाल्ला. सगळा गेला असता तर त्यालाही कळलं असतं, पण गेला तो फक्त वरचा, बारीक आवाज. किटली शिट्टी मारमारून कोरडी पडली तरी हा बाजूलाच पेपर वाचत बसलेला. म्हणायचा, "यंदा पाखरं फार कमी झाली." पाखरं होती तेवढीच होती.

"डॉक्टरकडे चल," मी म्हणायचे.

"माझ्या कानाला काही झालेलं नाही. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

पिपाणीच्या आवाजाला धार असते. ती त्याला लागेना, म्हणून तो पत्ती कापायचा. तरी लागेना, म्हणून आणखी कापायचा. त्याच्या कानाला पसंत पडेपर्यंत ती पिपाणी इतकी चिरकायला लागलेली असायची की आमचा कुत्रा उठून अंगणात जायचा.

बुधवारी सकाळी हॉलिस को-ऑपमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी दुकानात, कॉफीला जातो. तो गेला की मी धुण्याच्या खोलीत बसायचे, ड्रायर लावून द्यायचे, म्हणजे बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये, आणि आठवड्याच्या सगळ्या पिपाण्यांच्या खुंट्या उपसून नव्या पत्त्या बसवायचे. मी जन्मात बदक मारलेलं नाही. पण सेहेचाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बरोबर आवाज कानावर पडत होता, तो कुठे जाणार? फुंकून बघायचे, कापायचे, पुन्हा फुंकायचे. पहिले काही महिने ओठ सुजले. मग हात बसला. पार्सलं बांधायचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. लोकांचे फोन यायचे, हॉलिस, तुझा कान म्हणजे कान! तो फोन ठेवायचा आणि मला काही न सांगता शीळ घालत घरामागच्या कारखान्यात जायचा. शीळसुद्धा बेसूरच.

मरेपर्यंत त्याला हे कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. ती फार मोठी आहे असं मला वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात केंड्रा आली. केंड्रा म्हणजे आमच्या रस्त्याची टपालवाली, वेंडेल पिकरेलची सून. तिचा नवरा मिसिसिपी नदीत मालाच्या बोटींवर असतो, महिना बाहेर आणि पंधरा दिवस घरी. वेंडेल हा हॉलिसचा पन्नास वर्षांचा शिकारीतला जोडीदार. त्यांच्या रानातल्या जागी कायम वेंडेलच पिपाणी वाजवायचा आणि बाकीचे गप्प बसायचे, कारण एका जागी एकानेच बोलायचं असा आमच्याकडे रिवाज आहे. मागच्या वर्षी घशाच्या कॅन्सरमुळे वेंडेलचं स्वरयंत्र काढून टाकलं. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो, तोंडाने फुंकता येत नाही, आणि गळ्यात अडकवलेल्या छोट्या पाटीवर लिहून बोलतो. ऑपरेशननंतर भेटला तेव्हा पाटीवर पहिलं वाक्य हॉलिसलाच लिहिलं होतं, 'आता तरी मला मधे बोलू देशील का?'

"आजार फुप्फुसात उतरलाय," केंड्राने दारातच सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, नाताळ काढतील, पुढचं सांगता येत नाही. त्यांनी पाटीवर लिहिलं, एकदा रानात बसून थवा खाली उतरताना ऐकायचाय. मारायचं नाही, फक्त ऐकायचाय. पण आता वाजवणार कोण? म्हटलं, मी शिकते. मिस्टर हॉलिस, सहा आठवड्यांत येईल का हो?"

"फुंकर मारता येते ना? मग येईल," हॉलिस म्हणाला. "तुझ्या सासऱ्याला आली म्हणजे कोणालाही येते."

त्याने टॉवेल पसरून त्यावर अकरा पिपाण्या मांडल्या. केंड्राचा हात सरळ चकचकीत लाल पिपाणीकडे गेला.

"रंग बघू नकोस पोरी. बदक काही तुझ्या हातात बघायला येत नाही. ही दोन पत्त्यांची आहे. सोपी आहे, पण एकच रडगाणं गाते. ही एका पत्तीची. आधी छळेल, मग ऐकेल. नवऱ्यासारखी."

"छळतात ते कळलं," मी आतून म्हणाले. "ऐकतात कधी?"

केंड्रा हसली. तिने एकेक तोंडाला लावून बघितली आणि अक्रोडाच्या लाकडाची, एका पत्तीची उचलली. ती मी मागच्याच बुधवारी नीट केलेली होती. हॉलिसने ती हातात घेतली, फुंकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हिचा आवाज बसला कसा? हवा दमट झालीय," असं म्हणून त्याने पातं काढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर पत्ती कापली.

शिकवणारा म्हणून माणूस उत्तम होता, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिल्या दिवशी त्याने तिला पिपाणी तोंडाला लावूच दिली नाही. खिडकीच्या काचेसमोर उभं केलं आणि म्हणाला, "काच धुरकट कर. गाल फुगवू नकोस, पोटातून ऊन हवा सोड. थंडीत हात शेकतेस ना, तशी." तिची काच धुरकट झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी एकच सूर. मग उतरत जाणारे पाच. मग चरताना बदकं करतात ती तिकतिक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कधी वाजवायचं. "शेपट्या दिसल्या की वाजव, चोची दिसल्या की गप्प. जाणाऱ्याला हाक मारायची असते. येणाऱ्याशी बडबड केली की तो परत जातो."

केंड्रा टपालाच्या गाडीत काचा वर करून सराव करायची. सासऱ्याला एकदम रानातच ऐकवायचं, असं तिने ठरवलं होतं. मेहनत बघून डोळ्यांत पाणी यावं अशी पोरगी. आणि दर धड्याला हॉलिस म्हणायचा, "अजून वर ने. धार कुठेय? अजून वर. हां! हां, ही बघ, ही वेंडेलची मादी!" ती वेंडेलची मादी नव्हती. दरवाजाची बिजागरी होती.

मी दोनदा तिच्या पिपाणीची पत्ती बदलली. दोन्हीदा त्याने पुन्हा कापली. मग माझ्या लक्षात आलं की पत्ती बदलून आता उपयोग नाही. पिपाणी मला दुरुस्त करता येत होती, पण केंड्राच्या तोंडाची ठेवण, तिची फुंकर, सगळं त्याने आपल्या कानाला पटेल असं वळवलं होतं. नवी पत्ती घातली तरी ती दाबून तोच चिरका आवाज काढायची.

एकदा मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले. "केंड्रा, जरा खालच्या आवाजात वाजवून बघ ना."

"मिस्टर हॉलिस तर वर ने म्हणतात."

"हो, पण..."

"मिस ओलीटा, राग मानू नका, तुम्ही कधी शिकारीला गेलात का?"

"नाही गं."

"मग मी त्यांचंच ऐकते. सगळे म्हणतात, असा कान दुसरा नाही."

एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य जिभेवर होतं. मी तिला म्हटलं, "जपून जा, पुढे रस्त्यावर चिखल आहे." दोष द्यायचा तर दुसरं कोणी नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. मी कशाला, तर वेंडेलसाठी. त्याच्या गळ्यातल्या भोकात पाणी गेलं तर ते थेट फुप्फुसात जाणार, आणि मी तीस वर्षं वृद्धाश्रमात आजाऱ्यांचं केलेलं. म्हणून तो आणि मी ओकला बांधलेल्या होडीत बसलो, आणि हॉलिस व केंड्रा छातीपर्यंतचे रबरी बूट घालून मांडीभर पाण्यात, एकेका झाडाला टेकून उभे राहिले. माझ्या कोटाच्या खिशात एक पिपाणी होती. मी लावलेली. मधे केव्हातरी केंड्राच्या हातात सरकवू, असा माझा वेडा बेत होता.

उजाडलं. वारा नव्हता. हॉलिस पायाने पाणी ढवळत होता, म्हणजे वरून पाहणाऱ्याला वाटावं, खाली बदकं पोहताहेत. वेंडेल गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसला होता. त्याच्या गळ्यावरच्या फडक्यातून श्वासाचा आवाज येत होता.

पहिला थवा आला, तीसेक बदकं. झाडांच्या शेंड्यांवरून गेली. शेपट्या दिसल्या, केंड्राने वाजवलं. तिचं काही चुकलं नाही. जसं शिकवलं तसं, श्वास न श्वास. पाच सूर रानभर करकरले आणि सगळा थवा दगड मारल्यासारखा वर उसळला आणि निघून गेला.

"वा!" हॉलिस म्हणाला. "वा पोरी! अगदी चोख. गेली ती गेली, हल्लीची बदकं फार शहाणी झालीत."

वेंडेलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

दुसरा थवा मोठा होता. त्याने तर घिरटीसुद्धा पुरी केली नाही. केंड्रा कावरीबावरी झाली. तिने होडीकडे पाहिलं, आणि सासऱ्याचा चेहरा बघून तिने पिपाणी छातीशी धरली. बिचारीला वाटलं, आपणच वाईट.

वेंडेलने पाटी घेतली, लिहिलं आणि फक्त मला दिसेल अशी धरली. 'तुझ्या हातच्या माझ्याकडे दोन आहेत. वाजव.'

त्याला माहीत होतं. त्याला माहीत होतं म्हणजे को-ऑपच्या टेबलावर सगळ्यांना माहीत होतं. ते फोन करणारे, कान म्हणजे कान म्हणणारे, सगळे. मी एकटी ड्रायर लावून बसत होते आणि अख्खं गाव माझ्याबरोबर गप्प बसलं होतं.

मी मान हलवली. नाही. बोटाने हॉलिसकडे दाखवलं. तो पाण्यात उभा राहून केंड्राला फुंकर समजावत होता, हाताने वर, वर करत होता.

वेंडेलने पुन्हा लिहिलं नाही. विनवणी करणाऱ्यातला तो नव्हताच. त्याने बाहीने पाटी पुसली, उलटी करून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. घरी जायला तयार असलेला माणूस जसा बसतो तसा बसला. मला त्याचा राग आला. मरणाऱ्या माणसाने असं सोडून देऊ नये, त्याने भांडावं, म्हणजे नाही म्हणता येतं.

तिसरा थवा खूप उंचावर होता. साठ-सत्तर असतील. शेंड्यांवरून पार होत होते, शेपट्या दिसत होत्या. केंड्राने पिपाणी उचललीच नाही. हॉलिस ओरडला, "अगं, वाजव ना! चालले!" ती रडत होती.

मी खिशातली पिपाणी तोंडाला लावली.

पाच सूर. खालचे, घोगरे, उतरते. आवाज पाण्यावरून गेला आणि वर पहिलं बदक कललं.

"कोण ते भसाडं वाजवतंय?" हॉलिस खेकसला. "बंद करा! घालवाल सगळी!" त्याची पाठ आमच्याकडे होती, तोंड आकाशाकडे. "त्यात धारच नाही! बंद..."

थवा वळला होता. एक घिरटी, दुसरी घिरटी. मी पुन्हा हाक दिली, मग तिकतिक, मग चोची दिसल्या आणि मी गप्प झाले. बदकांनी पंख ताठ केले, नारिंगी पाय खाली सोडले आणि ती फांद्यांमधून वाट काढत उतरू लागली. आधी चार, मग वीस, मग मोजता येईनात. चहूकडे पंखांची फडफड आणि पाण्याचे सपकारे. होडीला लागून एक नर उतरला, हिरवं डोकं झटकून त्याने आमच्याकडे पाहिलं. बंदूक कोणी उचलली नाही. वेंडेल डोळे मिटूनच होता. गालांवरून पाणी ओघळत होतं ते मी फडक्याने टिपलं, गळ्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

हॉलिस वळला तेव्हा त्याने बदकांकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. पिपाणी अजून ओठांजवळच होती. त्याच्या पायांपाशी बदकं पोहत होती, आणि त्याने कान खाली केला, जणू आत्ता ऐकलेलं पुन्हा ऐकता येतंय का ते बघावं. पन्नास वर्षं त्याने बदकांवर विश्वास ठेवला होता. माणसं खोटं बोलतात, बदकं बोलत नाहीत, असं तोच म्हणायचा.

आम्ही काठाला परत आलो. वेंडेलने उतरताना माझा हात दाबला. मला आनंद झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. केंड्राने हॉलिसला विचारलं, "मिस्टर हॉलिस, माझं काय चुकलं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तू मी सांगितलं तसंच केलंस."

घरी आल्यावर तो कारखान्यात गेला. मी गंबोचा रस्सा गरम केला, भात वाढला, हाक मारली. आला नाही. मी गेले तेव्हा त्याने फळीवरच्या सगळ्या पिपाण्या टेबलावर मांडल्या होत्या.

"ही माझी की तुझी?" त्याने एक उचलली.

"लाकूड तुझं."

"लाकूड कोणीही कापतं. पत्ती कोणाची?"

"माझी."

"ही?"

"माझी."

त्याने एकेक करून सगळ्या विचारल्या. मी एकेक करून सगळ्या सांगितल्या. खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती.

"किती वर्षं?"

"तीन."

"को-ऑपमध्ये ठाऊक आहे?"

मी टेबलावरचा भुसा हाताने गोळा केला. त्याने मान डोलावली.

"म्हणजे तीन वर्षांत माझी एकही बाहेर गेली नाही," तो म्हणाला. "आणि त्या पोरीला मी जे शिकवलं तेवढंच काय ते माझं."

"हॉलिस, मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे. तेच तर." त्याने लेथचं बटण बंद केलं. लेथ चालू नव्हताच. "किटली वाजते का गं अजून?"

"वाजते."

"आणि पाखरं?"

"आहेत."

"मला वाटलं, गेली." तो स्टुलावर बसला. एक सुटी पत्ती बोटावर टेकवून बघत राहिला. मग वर न बघताच म्हणाला, "ओलीटा, एक खरं सांग. तुझा आवाज. मला ऐकू येतो तो तुझाच आहे ना?"

माझा आवाज मुळात बारीक. चर्चच्या गायनात मी सगळ्यांत वरचं गाणाऱ्या बायकांत उभी राहायचे, आणि लग्नाआधी हा मला त्यावरून चिडवायचा. पण तो आवाज त्याच्यापर्यंत पोहोचेना, म्हणून तीन वर्षं मी छातीतून, जाड, एकेक शब्द सुटा करून बोलत आले. त्याला न कळता हळूहळू उतरवत आणला. बहिणीशी फोनवर बोलताना पूर्वी जुना आवाज निघायचा. हल्ली तिथेही निघत नाही.

"हो," मी जाड आवाजात म्हणाले. "तोच आहे."

"बरं झालं," हॉलिस म्हणाला. "एवढं तरी राहिलं."